बिनभोकाचं बटण

सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा तेव्हा मला जाग येत नसे. मागच्या बोळात पद्मशाल्यांचे माग खटक-खटक सुरू व्हायचे, तेव्हाही नाही. मी उठायचे ती आत्या पितळी परातीत बटणं ओतायची तेव्हा. पोत्यातली सुटी बटणं परातीत पडताना असा आवाज होई, की वाटे माळवदावर गारा पडताहेत. पहिल्या दोन मुठींचा आवाज पितळेचा, नंतरचा बटणावर बटण पडल्याचा, आणि शेवटी आत्या परात हलवून ढीग सारखा करी तेव्हाचा नुसताच कुजबुजल्यासारखा. नुसत्या आवाजावरून मला कळायचं, आज मोतिया बटणं आलीत की साधी काचेची. शाळेत मला या विद्येबद्दल कोणी एक मार्कही दिला नाही. आज माझ्या खोलीत मोबाइलचा गजर वाजतो, नातसुनेनं त्यात कोकिळेचा आवाज घालून दिलाय. कोकिळेनं मला अजून एकदाही उठवलेलं नाही.

शुक्रवार पेठेत आमचं दुकान. पुढं दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागं घर. बटणं, दोरे, फिती, सुया, लमाणी बायकांना लागणारी आरशाची भिंगं आणि कवड्या. अप्पांचा धंदा बारीक वस्तूंचा होता, आणि बोलणंही तसंच बारीक. सबंध दिवसात त्यांची जेवढी वाक्यं होत, तेवढी आत्या एका श्वासात बोलून टाकी. आत्या अप्पांची थोरली बहीण, गंगव्वा. लग्नानंतर चार वर्षांत परत आली ती घराचा कारभार हातात घेऊनच. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, स्वयंपाकघरात असे आणि आत्या उरलेल्या सगळ्या जगात. दोघी आपसात कानडी बोलत, अप्पांशी मराठी, आणि मला रागवायचं झालं की दोन्ही एकदम.

बटणं मुंबईहून पोत्यात सुटी यायची. ती निळ्या कार्डावर शिवायचं काम घरात चाले, एका कार्डावर बारा. आत्याच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला होता, पण बोटांवर नव्हता. बटण चिमटीत धरलं की अंगठ्यानं भोकं मोजून ती दोन भोकांची उजवीकडे टाकी, चार भोकांची डावीकडे. फुटकी आणि बिनभोकाची, म्हणजे कारखान्यात भोक पाडायचं राहून गेलेली, कोपऱ्यातल्या मडक्यात. त्या मडक्यातलं काही केरात टाकायचं नाही असा तिचा दंडक होता. अंगाला लागणारी वस्तू उकिरड्यावर गेली की घरातल्या माणसाच्या अंगाला काहीतरी लागतं, हे तिचं शास्त्र. रुपली नावाची लमाणीण तांड्यावरून डिंक घेऊन येई, तिच्या ओटीत आत्या ते मडकं उपडं करी. रुपली डिंकाचा एक खडा जास्तीचा ठेवी आणि दोघी समाधानानं माना डोलावत. मी हे लहानपणापासून पाहत आले होते. पाहत आले होते आणि तरीही विसरले, हे ध्यानात ठेवा.

मी अकरा वर्षांची होते आणि जगात जेवढं ज्ञान आहे तेवढं मला झालेलं होतं. आमच्या नात्यातल्या मुली चौथी झाली की घरी बसत. मी बसले नाही, कारण आमच्या इंदूबाई. शाळेतल्या या बाई एका दुपारी सरळ दुकानावर आल्या आणि अप्पांना म्हणाल्या, "शांताला पुढं येऊ द्या. डोकं चांगलं आहे." अप्पांनी हातातली फीत मोजून गुंडाळली. मग त्यांनी त्या दिवसाचं आपलं वाक्य उच्चारलं, "येऊ दे. पर शाळंतनं एक तक्रार आली, की दप्तर माळ्यावर आन् पोरगी मंगळवेढ्याला." मंगळवेढ्याला माझे मामा होते आणि मामांच्या शेजारी एक घर होतं, जिथे जमिनीतली ज्वारीची चार पेवं कायम भरलेली असत आणि एक मुलगा होता. मुलाबद्दल मला कधी कोणी काही सांगितलं नाही. पेवांची माहिती मात्र मला तोंडपाठ होती. आत्या पेवांच्या बाजूची. "शिकून काय हुनार हाय?" ती म्हणे. "बटनाला भोकं चारच राहत्यात, शिकली तरी आन् न्हाय शिकली तरी."

तर एका शुक्रवारी इंदूबाईंनी वस्तुपाठाच्या तासाला एक पत्र्याची डबी उघडली. त्यांचा भाऊ आगबोटीवर कारकून होता. समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा असतात, त्या दुरुस्तीसाठी वर ओढणारी ती बोट. तारेला चिकटून जे जे वर येई त्यातलं थोडं त्यानं बहिणीला पाठवलं होतं. डबीत दहा-बारा शिंपले होते. करवतीच्या काठाचे, पंख्यासारखे, जाड, खरबरीत. आणि काड्यापेटीत कापसावर ठेवलेला एक. पावलीएवढा असेल. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, आरपार दिसणारा, अंगावर एक रेघ नाही, आणि बिजागरीपाशी मांजरीनं कान टवकारावेत तसे दोन कान वर आलेले. दोन्ही शिंपा, म्हणजे वरचं-खालचं झाकण, सुट्या पण जोडीनं होत्या. बाई म्हणाल्या, "पंख्याच्या शिंपल्यांचाच हा भाऊबंद दिसतो, पण काहीतरी वेगळा आहे. भाऊही ओळखू शकला नाही." मग सहज म्हणाल्या, "आणि मुलींनो, सदऱ्याची चकचकीत बटणं असतात ना, तीही अशा शिंपल्यांचीच करतात. आत प्राणी राहायचा. हे त्याचं घर."

परवाच माझ्या नातवानं मला या शिंपल्याबद्दल अर्धा तास व्याख्यान दिलं. तो समुद्रातल्या प्राण्यांवरच शिकतो. मी दोन बोटांनी त्याचे कान करून दाखवले, अंगावर रेघ नाही म्हटलं, कानाखाली खाच नव्हती म्हटलं, तसा तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, "आजी, हे कुळच फार दुर्मीळ. दगडात ठसे सापडतात, ते भरपूर. जिवंत उरलेले मात्र मोजके, तेही खोल अंधारात. तू नक्की पाहिलास?" पाहिला? अरे बाळा, तुझ्या आजीनं तो चोरला.

कारण त्या शुक्रवारी संध्याकाळी अप्पा जेवायला बसले असताना मी जाहीर केलं, "अप्पा, तुमच्या कोटावर सहा मेलेले जीव आहेत." कडक भाकरीचा तुकडा शेंगांच्या चटणीत बुडवलेला, तो तिथेच थांबला. आमचं घर शिवाचारी, अंडंसुद्धा घराच्या बोळातून जायचं नाही. आत्या किंचाळली, "अय्यो शिवने! जेवताना मेलेलं काय काढलंस गं?" मी बाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं, वर स्वतःची भर घातली. अप्पांनी मान वळवून खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. "आट वर्सं हाय अंगावर," ते म्हणाले. "अजून हललं न्हाईत." आणि जेवू लागले.

आत्या मात्र सोडायला तयार नव्हती. "बटनं जपानात हुत्यात, चिनीमातीची. कार्डावरच येत्यात तितं."

"कार्डावर आपण शिवतो आत्या!"

"मंग तितं बी कुनी तरी शिवत आसंल की. बाईनं तुज्या समुद्र बगितलाय का?"

"त्यांच्या भावानं बघितलाय."

"मंग भावाला शाळंत घाल."

मी कवड्यांचा विषय काढला, त्या तरी समुद्रातून येतात की नाही? आत्याला ते मान्य होतं. कवडी समुद्रातली बी, चिंचेत चिंचोका असतो तशी. आणि शंख? शंख देवाचा, त्याचं नाव जेवताना घ्यायचं नाही. मग मी शंख सोडून दिला. पण मनात पक्कं केलं की हिच्या हातात खरा शिंपला ठेवायचा, दोन्ही झाकणं उघडून मिटून दाखवायची, आणि मग हिचं तोंड पाहायचं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा. बाईंची डबी कपाटात ठेवायचं काम मॉनिटरकडे, आणि मॉनिटर कोण, हे सांगायला नको. मागून घेता आला असता. बाईंनी दिलाही असता. पण मागायचं तर "आत्याशी भांडायला हवाय" असं सांगावं लागलं असतं, आणि ते मॉनिटरला शोभलं नसतं. शिवाय दहा-बारा जाड, न फुटणारे शिंपले समोर असताना मी उचलला तो हाच, सगळ्यात नाजूक. लपवायला लहान म्हणून. दिसायला गोड म्हणून. चोर असून चोखंदळ! काड्यापेटी जागेवर ठेवली, आतला कापूस नीट फुगवला, शिंपला रुमालाच्या गाठीत बांधला आणि सोमवारी कोणाला कळायच्या आत परत, असं स्वतःला वचन देऊन घरी आले.

घरी मंगळवेढ्याचे मामा येऊन बसलेले. त्यांच्या पुढ्यात ताट, ताटात गव्हाची गोड हुग्गी, आणि अव्वाच्या तोंडावर सणाचा आनंद. मामा दिसले की मागोमाग मला ती चार पेवं दिसत. अशा वेळी रुमालाची गाठ हातात घेऊन फिरणं बरं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. आत्याच्या जागेपाशी उद्याच्या बटणांची टोपली भरून ठेवलेली. मोतिया बटणं, तीच चमक, तेवढाच आकार. मला वाटलं, बटणांत बटण कोण शोधतंय! दोन्ही शिंपा टोपलीत खोल सरकवल्या. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते, की हुग्गीही दोनदा घेतली.

रविवारी मला जाग आली नाही. पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून आत्यानं बटणं ओतली नाहीत, टोपलीतून मुठीमुठीनं काढून घेतली. मी उठले तेव्हा उन्हं अंगणात, टोपली रिकामी, अठरा कार्डं भिंतीला टेकून उभी. मी एकेक कार्ड तपासलं. सगळ्या बटणांना चार-चार भोकं होती. दिवसभर टोपलीखाली, चटईखाली, उंबऱ्याच्या फटीत पाहिलं. मडक्यात पाहायचं सुचलंच नाही. आणि सुचून उपयोगही नव्हता, मडकं सकाळीच रिकामं झालं होतं.

सोमवारी बाई वर्गात आल्या त्या पत्र हातात घेऊन. भावाचं पत्र होतं. बोटीवर एक साहेब होता, शिंपल्यांचा अभ्यास करणारा. त्या काड्यापेटीतला शिंपला त्यानंच बाजूला काढून ठेवलेला, आणि भावानं तो चुकून बहिणीच्या डबीत घातला. साहेबाचं म्हणणं, हे घराणं त्यानं आजवर दगडातच पाहिलं, समुद्रातून वर आलेलं कधी नाही. तेव्हा टपालानं लगेच परत कर. बाईंच्या गालांवर लाली आली होती. "मुलींनो, आपल्या सोलापुरात, आपल्या वर्गात केवढी मोठी पाहुणी येऊन गेली बघा," असं म्हणत त्यांनी काड्यापेटी उघडली.

त्यांनी कापूस उचलला. उलटा केला. बोटांनी पिंजला. मग डबीतले सगळे शिंपले टेबलावर ओतले. मग त्या चक्क खाली गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली हात फिरवू लागल्या. "माझ्याच हातून पडला असणार," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी घाईत होते मी." आम्ही तीस मुली आपापली तरटं झटकत होतो. सगळ्यात जोरानं मी झटकत होते. एका मुलीच्या नाकात धूळ जाऊन ती शिंकायला लागली तरी मी थांबले नाही. कोणी माझ्यावर संशय घेतला असता तर बरं वाटलं असतं, पण बाई मलाच म्हणाल्या, "शांता, तुझी नजर तीक्ष्ण आहे, कपाटामागं बघ बरं." मी कपाटामागं बघितलं. तिथे एक झुरळ होतं. त्यानंही मान फिरवली, असं मला वाटलं.

घरी आले तर आत्या उखळात चटणी कांडत होती. शेंगदाणे, लसूण, तिखट, मुसळाचा धप-धप आवाज. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आत्या, कालच्या टोपलीत तुला एक बिनभोकाचं बटण लागलं का गं? पातळ?"

"दोन लागली. कान हुते त्येंस्नी. जपानवाल्यांची डोकी फिरली वाटतं."

"मग?"

"मंग काय? दिली की रुपलीला. काल सकाळी आली हुती डिंक घिऊन."

मी भोकाड पसरलं. मुसळ थांबलं. आत्यानं हातानं माझं तोंड चाचपलं, तिखटाच्या हातानं, त्यामुळे मग डोळ्यांतून दुप्पट पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबर सगळं बाहेर पडलं. डबी, साहेब, काड्यापेटी, कापूस. आत्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी ते खरंच कुनाचं घर हुतं? आन् म्या दोन हातांनी चाचपलं?" तिनं हात लुगड्याला पुसले. तिखट तिथेही लागलं.

"अप्पांना सांगू नको ना आत्या. मामा बसलेत. तक्रार आली की शाळा बंद."

"हुईल की."

"तुला तेच पाहिजे!"

आत्यानं उखळाच्या काठाला लागलेली चटणी आत लोटली. मग मुसळ उचलून म्हणाली, "घरी बसलीस तर दिसभर कुनाला छळशील? मलाच की. उद्या मंगळवारचा बाजार हाय. रुपली येती. सकाळी चल." आणि पुन्हा कांडू लागली. त्या रात्री जेवताना चटणी इतकी बारीक झाली होती, की अप्पांनीसुद्धा तिच्याविषयी एक वाक्य बोलून दाखवलं.

बाजारात लाकडाच्या मोळ्यांपलीकडे लमाणी बायका ओळीनं बसत. लाल-निळे घागरे, दंडभर बलोती बांगड्या, आणि अंगावर एवढी भिंगं, की सकाळच्या उन्हात त्यांच्याकडे पाहताना डोळे मिचकवावे लागत. आत्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी ती माझा दंड धरून रुपलीपाशी सरळ गेली, डिंकाच्या वासावर. रुपलीच्या मांडीत तिचा नातू होता, सात-आठ महिन्यांचा. त्याच्या डोक्यावर नवं टोपडं. लाल कापड, मध्ये कवडी, आणि दोन्ही कानांवर, उजव्या बाजूला एक, डाव्या बाजूला एक, माझी दुर्मीळ पाहुणी.

आम्ही बटणवाले. आमच्या लेखी ज्याला भोक नाही ते शिवता येत नाही, म्हणून कुचकामी. रुपलीला भोक लागतच नव्हतं. भिंग बसवतात तसं तिनं शिंपेच्या काठाभोवती दोऱ्याचं कोंदण विणलं होतं, आडवे टाके, उभे टाके, आणि मधून ती पारदर्शक चकती लाल कापडावर अशी लागली होती, की आतून दिवा लावल्यासारखी. एक ओरखडा नव्हता. मी हात पुढं केला तसं रुपलीनं पोराला मागं ओढलं.

"लेकराच्या डोईवरचं काढत न्हाय बाई," ती म्हणाली. "नजर लागती."

आत्या तिच्यासमोर खाली बसली, थेट मातीत. आत्या बाजारात कधी खाली बसत नसे. "रुपले, चूक माजी. ते माजं न्हवतंच तर दिलं कसं म्या? दुसऱ्याचं उचललेलं लेकराच्या डोईवर ऱ्हावं का?"

"उचललं कुनी?"

आत्यानं माझा दंड जरा जोरानं दाबला. मी म्हणाले, "मी." भर बाजारात, लाकडाच्या मोळ्यांसमोर, पहिल्यांदा. रुपलीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि खदखदून हसली. "एवडीशी, आन् चोरती काय? शिंप! आगं, चोरायचं तर माजा गूळ चोर." मग तिनं पोराचं टोपडं काढलं. पण रिकामं ठेवणार नव्हती. आत्यानं कमरेच्या पिशवीतून दोन मोठी गोल भिंगं काढली. दुकानातली सगळ्यात चांगली, अप्पांच्या नकळत आणलेली. मला एकटीलाच चोर म्हणतात, हे लिहून ठेवते.

रुपली सुईच्या टोकानं एकेक टाका उसवत होती. मी तळवा खाली धरला होता. पोरगं रडत होतं. शेजारची एक बाई मेंढ्यांच्या लोकरीचा भाव काढत होती, आणि माझं सगळं आयुष्य त्या सुईच्या टोकावर. पहिली शिंप सुटून माझ्या तळव्यावर पडली, मग दुसरी. इतकी हलकी, की पडली हे डोळ्यांनी पाहिलं म्हणूनच कळलं. "हे कुटलं गं?" रुपलीनं विचारलं. मी सांगितलं, समुद्रातलं. "समिंदर केवडा आसतो? हिप्परग्याच्या तळ्याएवडा?" मी समुद्र पाहिलेला नव्हता. पण मॉनिटर होते. "दुप्पट," मी म्हणाले. पुढं लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मला रुपलीची आठवण आली आणि मी एकटीच ओशाळले.

तिथून शाळेत धावले. मनात बेत पक्का होता. तास सुरू व्हायच्या आधी टेबलाखाली वाकायचं आणि ओरडायचं. तसंच केलं. "बाई, सापडला! फटीत होता!" बाई धावत आल्या, शिंपा तळव्यावर घेतल्या आणि डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मीही सोडला. मग त्यांनी डोळे उघडले आणि उजवीकडची शिंप उन्हात धरली. कानाच्या टोकाशी लाल दोऱ्याचा एक बारीक तुकडा अडकलेला होता, गाठीसकट.

"समुद्रात शिवणकाम चालतं का गं शांता?" बाई म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला सोपं जातं, ही त्या दिवशीची माझी एकमेव शिकवण. बाईंनी मध्येच मारलं असतं तर मी समजू शकले असते. त्या फक्त म्हणाल्या, "संध्याकाळी मी तुमच्या दुकानावर येते." आणि फळ्याकडे वळल्या. त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतं ते ब्रह्मदेवालाही माझ्याकडून काढता येणार नाही.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा दुकानात अप्पा होते आणि त्यांच्या शेजारी लोडाला टेकून मामा. पडद्यामागं मी, आत्या आणि अव्वा. अव्वाला अजून काहीच माहीत नव्हतं, तरी ती सगळ्यात जास्त घाबरलेली. बाई म्हणाल्या, "मला बटणांची दोन कोरी कार्डं हवी आहेत. एक नाजूक वस्तू टपालानं पाठवायची आहे." अप्पांनी कार्डं काढली. बाईंनी काड्यापेटी उघडून पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "ही वस्तू शनिवारी तुमच्या घरी आली होती." अप्पांनी विचारलं, "आली हुती, का आनली हुती?"

"आणली होती. न विचारता. आज परत मिळाली. आधी खोटं बोलून, मग खरं बोलून."

पडद्यामागं आत्याची बोटं माझ्या दंडात रुतली. दंड दोन दिवस काळानिळा होता. मामा लोडावरून उठून बसले. "बगा दाजी," ते म्हणाले, "म्या म्हनत हुतो की." अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग ते बाईंना म्हणाले, आणि एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं, "बाई, तुमी पोरीला शाळंत नेली तवा म्या एक बोललो हुतो. ते मागं घेनार न्हाय. तवा नीट सांगा. ही तक्रार हाय का?"

मागाचे आवाजही थांबलेत असं मला वाटलं. थांबले नसणार.

"नाही," बाई म्हणाल्या. "तक्रार घेऊन मी आले असते तर उभ्या उभ्या सांगून गेले असते. मी कार्डं मागायला आले आहे."

अप्पांनी काड्यापेटी जवळ ओढली. एक शिंप चिमटीत धरली, कंदिलासमोर नेली, आणि आम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवून बराच वेळ पाहत राहिले. "कुनी राहत हुतं हितं?" त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. "दार कुटल्या अंगाला?" बाईंनी बिजागरी दाखवली, दोन कानांच्या मधली. अप्पांनी मान डोलावली. मग दोन्ही शिंपा कापसात घेतल्या, वर कार्ड, खाली कार्ड, चारही कडांनी टाके. त्यांचे हात इतके हळू चालत होते, की मामांना जांभई आली. पुडकं बाईंच्या हातात देऊन अप्पा मामांकडे वळले.

"ऐकलं न्हवं पाव्हनं? तक्रार न्हाय."

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं मंगळवेढ्याला गेले. अव्वानं त्यांच्याबरोबर दशम्या बांधून दिल्या, आणि त्याच कणकेतली एक, काही न बोलता, माझ्या दप्तरात सरकवली. शाळेची घंटा व्हायला अजून वेळ होता, तरी मी धावत निघाले. बोळाच्या तोंडाशी आले आणि एकाएकी इतकी भूक लागली, की भिंतीला टेकून उभी राहिले, दशमी काढली आणि सगळी संपवली. शनिवारच्या हुग्गीनंतर माझ्या पोटात धड काही गेलेलंच नव्हतं. हे मला तेव्हा, त्या भिंतीपाशी, बोटं चाटताना कळलं.